आधी संडास दाखवा

मेश्राम मिस्त्री कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की दारातूनच विचारत, "संडास कोठी हाय?" घरच्यांना वाटायचं, बिचाऱ्याला घाई लागली असेल. घाईबिई काही नसायची. मिस्त्री आत जाऊन दार लावून बघत, कडी दोनदा खालीवर करत, कोपऱ्यात नाक नेऊन वास घेत आणि बाहेर येऊन हात धुतल्यावर मग म्हणत, "हं, आता पानी आना." पाणी ते कुठंही पीत. चहा मात्र संडास पास झाला तरच. नाही झाला तर सरळ उठून सांगत, "चहा पुढच्या टायमाले. पयले कडी लावा." माणसं चिडायची, हसायची, पाठीमागं त्यांना वेडा म्हणायची. पण पुढच्या खेपेपर्यंत कडी लागलेली असायची, हेही खरं.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या कॅम्पातल्या क्वार्टरमध्ये. भिलाईचा कारखाना तेव्हा नुसता उभा राहत होता. जिकडं बघावं तिकडं लाल धूळ, क्रेन आणि माणसं. माझा दादा तिथं हजेरी कारकून. मी मॅट्रिक होऊन वर्ध्याहून त्याच्याकडं आले होते आणि तीन मैलांवरच्या परसाटोला गावी प्राथमिक शाळेत मला नोकरी लागली होती. एका रविवारी मिस्त्री हजेरीतलं काही विचारायला आले. काळे, उंच, अंगात स्वच्छ धुतलेला पांढरा सदरा, आणि खिशातून डोकावणारी टिनाची एक पत्ती. आमच्या संडासाला त्यांनी कसंबसं पास केलं. वहिनीनं चहा आणला तो कान तुटलेल्या कपात. असा एक कप आमच्या घरी वेगळा ठेवलेला असे. कुणासाठी, ते सांगायला नको. मिस्त्री नागपूरला दीक्षा घेऊन आलेले, हे दादानं घरात आधीच सांगितलं होतं. मिस्त्रींनी कपाकडं पाहिलं, वहिनीकडं पाहिलं आणि चहा तसाच खाली ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण उठून दुसरा कप मी तरी कुठं आणला?

मग ते माझ्याकडं वळले. "बाई, तुमी शाळेत शिकवता म्हनते. तुमच्या शाळेत संडास कोठी हाय?"

"नाही."

"नाही? मंग तुमी कोठी जाता?"

दादा उडालाच. "अहो मिस्त्री, बाईमाणसाला काय विचारताय हे?"

"बाईमानसालेच इचारतो ना, साहेब. तुमाले इचारून काय करू? तुमी तर कोठीबी उभे राह्यता."

वहिनीनं तोंडाला पदर लावला. मी खाली मान घालून म्हटलं, "मी शाळेत पाणीच पीत नाही." सकाळी निघताना घोटभर, मग संध्याकाळी घरी आल्यावर. डोकं दुखायचं, एकदा तर फळ्यासमोर घेरी आली. हे मी दादाला सांगितलं नव्हतं, वहिनीला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं हो! आणि हा परका माणूस पहिल्याच भेटीत विचारून मोकळा झाला. वहिनी हसायची थांबली.

"आन पोट्ट्या?" मिस्त्रींनी विचारलं.

पोरींचंही तेच. शाळेमागं परसाची, म्हणजे पळसाची, दाट झाडी होती, तिच्या आडोशाला सगळ्या जायच्या. त्या वर्षी कारखान्याला जाणारा रस्ता त्या झाडीतूनच काढला. झाडं गेली आणि दिवसभर डंपर, ट्रक, सायकलवाले मजूर यांची रांग लागली. पोरींनी आधी पाणी सोडलं, मग शाळा सोडली. जूनमध्ये चौदा जणी होत्या, दिवाळीनंतर चार उरल्या.

मिस्त्रींनी बोटांवर दहा मोजले. मग म्हणाले, "म्हंजे आमच्या रोडानं तुमचा आडोसा खाल्ला. आमीच खाल्ला तर आमीच देऊ."

मिस्त्रींचं काम कोक ओव्हनच्या भट्ट्यांमध्ये विटा लावायचं. या विटा साध्या नव्हेत, आणि दोन विटांमधली फट केसाएवढी जरी जास्त झाली तरी रशियन साहेब सगळी ओळ उखडायला लावायचा. म्हणून मिस्त्रींच्या खिशात ती पत्ती. विटांच्या सांध्यात ती घालून बघायची. आत शिरली की काम रद्द. "पत्ती गेली, काम गेलं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ही पत्ती ते पावर हाउस नावाच्या वस्तीतल्या बाजारात लाकडी स्टुलाच्या सांध्यातही घालून बघत आणि दुकानदाराची चार लोकांत शोभा करत. त्यांच्या हाताखालची ओळ साहेबानं एकदाही उखडली नव्हती आणि त्याचा त्यांना भारी ताठा होता. होता म्हणजे होताच, उगीच कशाला झाकायचं!

पुढच्या रविवारी ते खरंच परसाटोल्याला हजर झाले. वाटेत मी विचारलं, "मिस्त्रीदादा, तुम्हाला संडासाचं एवढं काय पडलंय?" चालता चालताच त्यांनी सांगितलं. त्यांना यमुना नावाची बहीण होती. तिसरीत पहिला नंबर. शाळेच्या चारी बाजूंना उघडं माळरान. दिवसभर दाबून धरायची, मग दुखणं लागलं, मग आईनं शाळेतून काढली. "माह्यापेक्षा हुशार होती, बाई. मले पाढे तिनंच शिकवले. आता कापसाच्या पराटीत निंदन करते. मी जवा जवा घर पाहतो ना, पयले मले थेच दिसते." एवढं बोलून त्यांनी विषय बदलला.

आमचे हेडमास्तर, ज्यांना सगळं गाव बडे गुरुजी म्हणे, मनानं वाईट नव्हते, पण घाबरट. "विद्या के मंदिर में पायखाना, मिस्त्रीजी?"

"गुरुजी, मंदिर में आनेवाले का पेट भी साथ में आता है," मिस्त्री आपल्या नागपुरी हिंदीत म्हणाले. गुरुजींनी निमूट शाळेमागची जागा दाखवली.

खरी गाठ होती सुकवारोच्या आजीशी. सुकवारो ही पाचवीतली आमची हिरकणी. तोंडी हिशोबात ती मला हरवायची, आणि बोर्डाची परीक्षा दिली असती तर गावातून पाचवी पास झालेली पहिली मुलगी ठरली असती. पण या आजीनं, जिला सगळे बूढी दाई म्हणत, ठरवून टाकलं होतं. "टूरी सयानी होगे, बहिनजी. बाहिर बर कहाँ जाही? सडक म दिन भर टरक." पोर वयात आली, आता बाहेर बसायला जाणार कुठं? छेरछेऱ्यापर्यंत शाळा, मग लग्न. छेरछेरा म्हणजे भात घरात आल्यावर पौषात पोरं दारोदार धान मागतात तो सण. दीड-पावणेदोन महिने काय ते उरले होते.

मिस्त्री तिच्यापुढं उकिडवे बसले. "दाई, छेरछेरा के पहले पक्का संडास बना के दिया तो?"

बोळक्या तोंडाची ती म्हातारी त्यांना खालीवर न्याहाळत राहिली. "बनही त पढही," ती म्हणाली. बनला तर शिकेल. झाला करार!

मी ब्लॉकच्या ऑफिसातून संडासाचा एक नकाशा मिळवून आणला होता. दोन खड्डे. एक भरला की पाणी दुसऱ्यात सोडायचं. पहिल्यातल्या मैल्याचं कोरडं खत झालं की कुणीही फावड्यानं काढावं. हे मिस्त्रींना फार आवडलं. "कोनाच्या डोक्शावर टोपली नाई पायजे, बाई. थे असन तर मी विटेले हात नाई लावत." पण नकाशात खड्ड्याच्या भिंतीत विटा सुट्या सुट्या, मधे भोकं ठेवून काढल्या होत्या. ते बघून मिस्त्रींना दात पडलेली म्हातारी आठवली आणि ते खो खो हसले. "हे का काम हाय? दात पडेल डोकरीवानी! ड्राइंगवाल्याले वीट लावताच येत नसन." मी म्हटलं, "दादा, छापील आहे, काहीतरी कारण असेल." त्यांनी माझ्याकडं अशा काही दयेनं पाहिलं की मी गप्प बसले. विटांतलं मला काय कळतंय, असं माझं मलाच वाटलं.

गावानं विटा भाजून दिल्या, माणसं दिली. मिस्त्री दर सुट्टीला आणि पहाटपाळी सुटली की दुपारी सायकल मारत यायचे. संडासाचं भांडं त्यांनी स्वतः सिमेंटात ओतलं आणि दगडानं घासून घासून आरशासारखं केलं. दाराला आतून अशी कडी लावली की पहिलीतल्या पोरीचाही हात पुरावा. आणि ते दोन खड्डे! काय सांगू, विहिरीसुद्धा इतक्या देखण्या नसतात. दर सांध्यात पत्ती घालून बघितलेली. गाव बघायला लोटलं. पोरी परत यायला लागल्या, सात झाल्या, नऊ झाल्या. मी भर दुपारी शाळेत तांब्याभर पाणी प्यायले. घटाघट! इतकं गोड पाणी मी त्याआधी प्यायले नव्हते, आणि पिता पिता मला रडू आलं, ते पोरींनीही पाहिलं.

पंधरा दिवस. पुरते पंधरा दिवसही नाहीत. चौदाव्या सकाळी शाळेत गेले तर अंगणभर घाण पाणी, भांडं काठोकाठ तुंबलेलं, पोरं नाक दाबून पळताहेत. गावात हा हा म्हणता बातमी पसरली. कुणी म्हणालं, मंदिरात पायखाना केला त्याचं फळ. कुणी म्हणालं, त्या माणसाच्या हातचं काम, आणखी काय होणार! बूढी दाई आली, सुकवारोच्या दंडाला धरलं आणि "चल घर" म्हणाली. पोरीनं पाटी छातीशी घट्ट धरली होती. माझ्याकडं बघत बघत ती गेली.

दुपारी मिस्त्री आले. त्यांचा चेहरा मी त्याआधी आणि त्यानंतर कधी तसा पाहिला नाही. खड्ड्यावरची फरशी सरकवून वाकले. खड्डा तोंडापर्यंत भरलेला. "असा कसा भरला? पंधरा दिवसांत? कावून?" मग शेजारचा कोरडा खड्डा उघडून आत उतरले, सवयीनं खिशातून पत्ती काढली आणि सांध्यावर लावली. पत्ती गेली नाही. दुसऱ्या सांध्यावर लावली. नाही गेली. मिस्त्री पत्तीकडं बघत बसले आणि एकदम त्यांनी कपाळावर हात मारला.

"अरे बापा! पत्ती जाऊन नाई राह्यली, बाई! पत्ती जात नाई तर पानी कोठून जाईन? पानी जमिनीत मुरायसाठी होती थे भोकं. मी भट्टी बांधली, बाई. निरी भट्टी! मी येडा, निरा येडा!"

आयुष्यभर ज्या गोष्टीचा ताठा, तीच नडली. दुसरा कुठलाही मिस्त्री असता तर ढिसाळपणानं का होईना, खड्डा बरोबर झाला असता.

गावचे दोघेतिघे म्हणाले, पावर हाउसवरून मेहतर आणू, उपसून टाकेल. मिस्त्री ताडकन उठले. "मेरी गलती और टोपली दूसरे के सिर पर? नहीं." सदरा काढून त्यांनी झाडाला टांगला, बादलीला दोर बांधला आणि शाळेमागं दूर चर खणून सगळा खड्डा स्वतः उपसला. सांगायला लाज वाटते, मी आधी नुसती उभी होते. मग त्या कान तुटलेल्या कपाची आठवण झाली आणि पदर खोचून मी चरात माती लोटायला लागले. थोड्या वेळानं पाहते तर बडे गुरुजी घराघरांतून चुलीची राख गोळा करून, धोतर वर खोचून येताहेत! त्यांनी ती राख चरावर पसरली आणि आणखी आणायला गेले.

मग मिस्त्री बूढी दाईच्या दारात गेले. "दाई, गलती मेरी. छेरछेरा को अभी दस दिन है. दस दिन दे दो."

"अउ नई होही त?" म्हातारीनं विचारलं. आणि नाही झालं तर?

"तो मैं खुद बोलूँगा, सुकवारो को मत भेजो."

हा माणूस पोरीचं सगळं आयुष्य दहा दिवसांवर लावून बसला होता, आणि पोर दाराआडून ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हातोडा घेऊन आपलीच भिंत फोडली. एकेक वीट निघताना त्यांच्या चेहऱ्यावर असं काही यायचं की मी तिकडं बघायचं टाळलं. नवी भिंत नकाशाप्रमाणे, मधे मधे भोकं ठेवून. हात वळतच नव्हता हो! चार विटा नीट सुट्या लावायच्या, पाचवी आपोआप घट्ट बसायची. मग स्वतःलाच शिवी घालून ती काढायची. "वीस वर्षाची सवय हाय, बाई. हात आयकून नाई राह्यला." शेवटी त्यांनी ती टिनाची पत्ती माझ्या हाती दिली. "हे तुमच्यापाशी ठेवा. माह्यापाशी असली तर मी पुन्हा भट्टी बांधीन." आणि सांध्यांत भोकं बरोबर पडताहेत का ते बघायला त्यांनी आपली चार बोटं घालायला सुरुवात केली.

छेरछेऱ्याच्या आदल्या दिवशी काम झालं. सगळं गाव जमलं. मिस्त्री पाणी ओतायला निघाले तर बूढी दाईनं त्यांना हातानं बाजूला केलं. "पानी मैं डारहूँ." तिला कुणावरच भरवसा नव्हता. तिनं हंडा ओतला. दुसरा ओतला. मग बायाही पुढं आल्या, तळ्यापासून संडासापर्यंत हंड्यांची रांगच लागली. ओत, आणखी ओत! मी देवाचं नाव घेत होते, बडे गुरुजी डोळे मिटून उभे होते. हंडे ओतून ओतून म्हातारी दमली, तेव्हा मिस्त्रींनी फरशी सरकवली. तळाला ओली माती आणि वीतभर पाणी, तेही बघता बघता खाली जात होतं.

"पानी कहाँ गे?" म्हातारीनं आत डोकावत विचारलं.

"धरती पी गयी, दाई."

आतल्या भोकाभोकांच्या भिंतीकडं बघून मिस्त्री मला म्हणाले, "पाहा, बाई, दात पडेल डोकरीच जितली." म्हातारीनं मला विचारलं, काय म्हणतोय? मी सांगितलं. क्षणभर मला वाटलं, आता चिडते. तर ती आपलं बोळकं उघडून जी हसली, जी हसली, की सगळ्या बाया तिच्यासोबत हसायला लागल्या. त्या हसण्यातच तिनं सुकवारोला पुढं ढकललं आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "ले, पढा."

सुकवारो पाचवी पास झाली. जिल्ह्याच्या ठिकाणी नव्हे, गावच्याच पारावर तिचा निकाल वाचला गेला, आणि मिस्त्रींनी पावर हाउसवरून आणलेल्या जिलब्या बूढी दाईनं सगळ्यांना स्वतः वाटल्या. पुढच्या जूनमध्ये माझ्या वर्गात मुलींना बसायला एक ओळ पुरेना. आजूबाजूची गावं मिस्त्रींना बोलवायला लागली. चरोद्यापर्यंत सायकलनं जाऊन त्यांनी किती शाळांत संडास बांधले ते मला माहीत नाही, त्यांनाही नव्हतं. आणि आमच्या घरी? निकालाच्या दिवशी ते आले तेव्हा वहिनीनं तो कान तुटलेला कप सगळ्यांच्या देखत उकिरड्यावर टाकला, आपल्या लग्नातल्या कपात त्यांना चहा दिला. मिस्त्री चहा प्यायले आणि म्हणाले, "साखर कमी हाय, वहिनी." वहिनी हसत हसत उठली आणि डबा घेऊन आली.

दहा-अकरा वर्षांनी दुसरीकडं नवा कारखाना उभा राहत होता, तिथं त्यांची बदली झाली. केस पांढरे झाले होते. जायच्या आदल्या दिवशी म्हणाले, "बाई, एकडाव परसाटोल्याले जाऊन येऊ." सुकवारो तोवर ट्रेनिंग करून त्याच शाळेत शिकवायला लागली होती. तिनं मिस्त्रींच्या पायाला हात लावला तसे ते दोन पावलं मागं सरकले. "हे नाई. पयले संडास." आणि निघाले तरातरा. कडी बघायची होती त्यांना.

दारापाशी पोहोचतात तोच दुसरी-तिसरीतली एक चिमुरडी दोन्ही हात पसरून आडवी उभी राहिली. "ए बबा! ओती झन जा! ए ह टूरी मन के आय!" तिकडं जायचं नाही, हा मुलींचा आहे. मिस्त्री थबकले. "अरे, मैं तो बस कडी..." पोर ऐकते कुठली! कमरेवर हात ठेवून तिनं त्यांना अंगणाच्या पार टोकापर्यंत हाकलत नेलं. मी सांगायला निघाले, अगं, यांनीच तर... पण मिस्त्रींनी मला हातानं थांबवलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे त्यांना पोहोचवायला पावर हाउसच्या स्टेशनवर गेलो. वहिनीनं पुरणपोळ्यांचा डबा दिला. मी त्यांची पत्ती परत करू लागले तर म्हणाले, "राहू द्या तुमच्यापाशी. मले बोटं हाय." डब्यात चढल्या चढल्या आधी संडास बघून आले, कडी पास झाली म्हणाले, मग खिडकीशी बसले. गाडी हलली. प्लॅटफॉर्मवरच्या सगळ्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात, खिडकीबाहेर अर्धं अंग काढून, ते ओरडत होते, "बाई! मले हाकललं हो! माह्याच संडासावरून मले हाकललं!"